टाकाऊ, टिकाऊ आणि तिसरं काहीतरी

गेल्या अंकात मी माझ्या ‘पंगत’ या कामाबद्दल लिहिलं होतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून आठ-नऊ वर्षांत जमवलेले चौतीस अडकित्ते एका आडव्या सळईला ओळीनं टांगलेले. ना वाकवले, ना रंगवले. एका दांडीनं टांगला की अडकित्ता आपोआप आ करतो, एवढंच मी बघितलं होतं. फोटो छापून आला आणि संपादकांनी पिशवीभर पत्रं पाठवली. काहींनी कौतुक केलंय, बऱ्याच जणांनी झापलंय. एका गृहस्थांनी पोस्टकार्डावर फक्त ‘अडकित्ते केवढ्याला पडले?’ असं विचारलंय. (किलोवर घेतले, साहेब. नक्षीचे दोन मात्र नगावर.) काही पत्रांना इथे उत्तरं देते. नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात स्टीलचं भलंमोठं वडाचं झाड पाहिलं, फांद्यांना भांडी लटकलेली. आमचं तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान आहे. धनत्रयोदशीला आम्ही याहून सरस आरास करतो. मग ती नुसती आरास आणि ही कला, असं का? – एक वाचक, नाशिक

तुमची आरास मी पाहिलेली नाही, पण भांड्यांच्या दुकानासमोर मी हमखास थांबते. उतरंड रचणाऱ्याला तोल कळतो, आणि तोल ही शिल्पकाराची निम्मी विद्या आहे. तेव्हा तुमच्या आराशीला मी नावं ठेवणार नाही. फरक इतकाच की तुमच्या दुकानातल्या कळशीला कोणाच्या तरी घरी जायचं असतं. तिची नजर गिऱ्हाइकावर असते. त्या झाडावरच्या भांड्यांना कुठेही जायचं नाही.

झाडाचं नाव ‘दादा’, करणारे सुबोध गुप्ता. १९६४ चा जन्म, पाटण्याजवळचं खगौल हे रेल्वेचं गाव. २००६ साली त्यांनी स्टीलच्या भांड्यांची एक प्रचंड कवटी केली, नाव ‘व्हेरी हंग्री गॉड’, फार भुकेलेला देव. पुढच्या वर्षी ती व्हेनिसमध्ये मोठ्या कालव्याच्या काठी उभी होती. लांबून नुसता लखलखाट. जवळ गेल्यावर ध्यानात येतं की सगळी भांडी रिकामी आहेत. तुमच्या दुकानातलीही रिकामीच असतात, पण तिथे ते खटकत नाही. इथे खटकतं, आणि ते खटकावं म्हणूनच सगळा खटाटोप आहे.

आता आपल्या घरात स्टील कसं आलं ते आठवा. थोडं तुमच्यासारख्यांकडून, पण बरंचसं दारावर येणाऱ्या बोहारणीकडून. आईच्या दोन जरीच्या साड्या, वडलांची एक पँट, त्यावर अर्धा तास घासाघीस. ‘ताई, अजून एक शर्ट टाका, झाकणाचा डबा देते.’ आमच्या कसब्यातल्या घरी साखरेचा डबा होता तो आईच्या शालूचा होता, आणि आई तो घासताना दरवेळी तसं म्हणायची. ‘शालू घासतेय.’ त्यामुळे मला स्टीलचा डबा नुसता डबा दिसत नाही. बिहारच्या स्वयंपाकघरात त्या डब्यामागे दुसरी गोष्ट असेल, पण गोष्ट असणारच, आणि गुप्तांनी नेमकं तेच हेरलं.

हा रस्ता मुळात मोकळा केला मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंतानं. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं चिनी मातीचं मुतारीचं भांडं दुकानातून विकत आणलं, आडवं केलं, त्यावर ‘आर. मट’ अशी खोटी सही ठोकली आणि ‘फाउंटन’ म्हणजे ‘कारंजं’ या नावानं एका प्रदर्शनाला पाठवलं. सहा डॉलर भरील त्या कोणाचंही काम दाखवू, असं त्या मंडळींनी जाहीर केलं होतं. हे मात्र दाखवलं नाही! मूळ भांडं पुढे हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्यांपैकी बऱ्याच प्रती १९६४ साली त्याच्या देखरेखीखाली केलेल्या आहेत. हाताची कारागिरी म्हणाल तर शून्य. त्यानं एक वस्तू निवडली, आडवी केली आणि तिला नाव दिलं. बस्स.

गुप्तांनीही पुढे त्या कारंज्याला डोळा मारलाय. जुन्या, पोचे पडलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा ढीग, त्यातून डोकावणारे वाहते नळ, आणि नाव ‘धिस इज नॉट अ फाउंटन’. मला ते ‘दादा’हून कितीतरी जवळचं वाटतं. कोऱ्या स्टीलची चकाकी फार लवकर बोलून मोकळी होते. पोचा पडलेल्या पातेल्याला विचारायला पुष्कळ असतं. तुमच्या दुकानाच्या मागच्या खोलीतही मोडीत आलेल्या भांड्यांचा ढीग असेलच. पुढच्या आराशीपेक्षा एकदा तो नीट बघा.

आमच्या शाळेत दरवर्षी ‘टाकाऊतून टिकाऊ’ची स्पर्धा असते. बाटलीची फुलदाणी, सीडीचा मोर, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. तुम्ही लिहिता ते शिल्प आणि हे, यांत फरक तो काय? आणि वर्गात शिकवायचं कसं? – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

बाई, सगळ्या पत्रांत तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला. या सदराचं शीर्षक त्याच्यावरूनच घेतलंय.

‘टाकाऊतून टिकाऊ’त वस्तूला दुसरी नोकरी मिळते. बाटली निवृत्त झाली, फुलदाणी म्हणून पुन्हा कामाला लागली. त्यात वाईट काही नाही, माझ्या घरी श्रीखंडाच्या डब्यात खिळे आहेत. शिल्पात उलटं होतं. वस्तूची नोकरी सुटते आणि नवी काही मिळत नाही. काम काढून घेतलं की मगच ती आपल्याला दिसते. चालता पंखा आपण कधी बघतो का? बंद पडून तीन पाती भिंतीला टेकून ठेवली की दिसतात.

मोराचं दुखणं वेगळं आहे. सीडीचा मोर झाला की सीडी संपली. त्यात कोणाच्या लग्नाचे फोटो होते की विंडोज होतं, त्याच्याशी मोराला देणंघेणं नाही. जी कामं मला टिकाऊ वाटतात त्यांत वस्तू दुसरं काहीतरी होते, तरी पहिलं विसरत नाही.

याचा सगळ्यात मोठा वस्ताद माझ्या मते एल अनात्सुई. जन्म घानातला, १९४४ चा. हयात गेली नायजेरियातल्या न्सुक्का इथल्या विद्यापीठात शिकवण्यात, म्हणजे तुमच्याच जातकुळीतला. १९९८ च्या सुमाराला त्याला दारूच्या बाटल्यांच्या टोपणांनी भरलेली एक टाकून दिलेली पिशवी सापडली. ती ॲल्युमिनियमची टोपणं चपटी करायची, मुडपायची, तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडत जायचं. हजारो टोपणांचं मिळून भिंतभर वस्त्र होतं, सोनेरी, लाल, चुण्या पडणारं. प्रत्येक वेळी टांगताना त्याच्या चुण्या वेगळ्या पडतात, आणि अनात्सुईला तेच हवं असतं. लांबून ते घानाच्या राजवस्त्रासारखं दिसतं. जवळ गेलात की टोपणावर दारूचं नाव वाचता येतं. आणि ही बाटलीतली दारू आफ्रिकेत कशी आली? युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून, जो व्यापार माणसांच्या खरेदी-विक्रीतही गुंतलेला होता. टोपणावरचं नाव खरवडून काढलं असतं तर काम तितकंच देखणं राहिलं असतं आणि अर्धं मेलं असतं. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला.

आता वर्गाचं सांगते. मी भोरकडच्या एका शाळेत हा प्रयोग केलाय, तो तसाच्या तसा देते. प्रत्येकानं घरातून एक वस्तू आणायची, जी आता कोणी वापरत नाही. कात्री नाही, रंग नाही, फेविकॉल नाही. फक्त ठेवायची. उभी, आडवी, उलटी, टांगून, टेकून. मातीचा एक गोळा आधाराला चालेल. मग नाव द्यायचं.

पहिला अर्धा तास गोंधळ होतो, तो होऊ द्या. त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीनं उलथनं आणलं होतं. घासून घासून एक कोपरा पार गेलेला. ती म्हणाली, ‘हे आईचंच आहे, आजीचं नाही.’ कसं कळलं विचारलं तर म्हणे, ‘आई डावरी आहे, म्हणून दुसऱ्याच बाजूनं झिजलंय.’ मातीच्या गोळ्यात दांडा खोचून तिनं ते उभं केलं, झिजलेला कोपरा आमच्याकडे करून. पंचवीस वर्षं शिकवतेय, एवढं नेमकं शिल्प माझ्या पदवीच्या विद्यार्थ्यांनीही क्वचित केलंय. बक्षीस मात्र कोणालाच देऊ नका. बक्षीस लावलंत की पुढच्या वर्षी सगळे उलथनंच आणतील.

सफाई कामगारांनी कचरा समजून कलाकृती फेकून दिल्याच्या बातम्या येतात. खऱ्या असतात की थापा? – एक वाचक, ठाणे

खऱ्या असतात. २०१५ साली इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या आणि रंगीत कागदाचे कपटे असं एक काम मांडलं होतं. सकाळी सफाईवाल्यांना वाटलं, रात्रीच्या पार्टीची घाण आहे, आणि त्यांनी ती इमानदारीत पिशव्यांत भरली. जर्मनीत डॉर्टमुंडला २०११ मध्ये मार्टिन किपेनबर्गर या जर्मन कलावंताच्या कामातलं रबराचं घमेलं एका बाईंनी डाग जाईपर्यंत घासलं. डाग हा कामाचा भाग होता, आणि कामाचा विमा आठ लाख युरोंचा.

पण या परंपरेचा मान द्यूशाँच्या घरच्यांचाच. १९१३ मध्ये त्यानं स्टुलावर सायकलचं चाक बसवलं होतं, पुढच्या वर्षी बाटल्या वाळवायची लोखंडी घोडी आणली होती. तो अमेरिकेला गेला, मागे बहिणीनं खोली आवरली आणि दोन्ही फेकून दिली. नंतर न्यूयॉर्कहून त्यानं तिला लिहिलं की त्या घोडीवर माझ्या नावानं सही कर. घोडी तोवर गेलेली. कुठल्या बहिणीनं वेगळं केलं असतं?

माझ्याही एका कामाच्या नशिबी हे आलं. आमच्या तेव्हाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी ट्रकच्या पाट्यांच्या स्प्रिंगचं एक शिल्प ठेवलं होतं, परवानगी घेऊन. कमिटी बदलली, आणि नव्या कमिटीनं दिवाळीच्या साफसफाईत ते विकलं. मी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे धावले. तो बिचारा म्हणाला, ‘मॅडम, मला वाटलंच होतं, कोणीतरी मुद्दाम केलंय, म्हणून तोडलं नाही.’ वजनावर घेतलं होतं, वजनावरच परत दिलं, वर किलोला दोन रुपये हमाली. त्याच्याएवढा जाणकार परीक्षक मला नंतर भेटलेला नाही.

मी आयटीआय झालेला वेल्डर आहे. आमच्या गल्लीतले साधे माग बंद पडून भंगारात गेले. त्यांतले धोटे, कांड्या, चाकं घेऊन मी घोडा, बैल, गरुड केले. लोक सेल्फी काढतात. पण एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, ‘कारागिरी आहे, शिल्प नाही.’ काय कमी आहे? – एक वाचक (वय २३), इचलकरंजी

तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना? फोटो पाहिले. तुझ्या वेल्डची शिवण माझ्याहून सरळ आहे, हे आधी लिहून ठेवते. परीक्षक उद्धट बोलले, पण अगदीच चुकीचं बोलले नाहीत.

पिकासोनं १९४२ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. दोन तुकडे, एक जोड. तू ते बघतोस तेव्हा एका क्षणी बैल दिसतो, दुसऱ्या क्षणी सायकल, आणि मन दोन्हींत येरझाऱ्या घालत राहतं. ती येरझार म्हणजेच ते शिल्प. तुझ्या घोड्यात मला दोनेकशे तुकडे दिसले आणि एकही तुकडा मला थांबवत नाही. सगळे घोड्याच्या कामाला जुंपलेत. दिल्लीला २०१९ मध्ये ‘वेस्ट टू वंडर’ नावाची बाग झाली, दीडशे टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं. पोरांना घेऊन जायला झकास. पण माणूस ‘अरे, ताजमहाल!’ म्हणतो आणि पुढे जातो. भंगारातून हुबेहूब काही काढलं की शाबासकी हुबेहूबपणाला मिळते आणि भंगार बाजूला राहतं.

आता धोट्याकडे ये. इचलकरंजीबाहेरच्या किती जणांनी धोटा हातात धरलाय? होडीसारखं लाकूड, दोन्ही टोकांना धातूची अणी, पोटात कांडी. आयुष्यभर एकच काम, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि कधी उडाला तर माणसाच्या डोक्यात. घरात किंवा शेजारी कोणी मागावर असेल तर विचार, धोटा उडाल्याची गोष्ट प्रत्येकाकडे असते. आणि असली वस्तू तू घोड्याच्या मानेत आयाळ म्हणून चिकटवून टाकलीस! तिथे खिळेही चालले असते.

कॉर्नेलिया पार्कर नावाची इंग्लंडची शिल्पकार आहे. १९९१ साली तिनं बागेतली अवजारं ठेवायची एक लाकडी खोली ब्रिटिश सैन्याकडून स्फोटानं उडवून घेतली. मग जळके तुकडे, वाकडी अवजारं गोळा करून सगळं तारांनी हवेत टांगलं, मधोमध एक दिवा. स्फोट मध्येच थांबवल्यासारखा. तिनं त्यातून काहीच ‘बनवलं’ नाही. तुकडे कसे उडाले तेवढं दाखवलं. तिची नक्कल करू नकोस, पण तुझ्याकडचे धोटे एकदा दोऱ्यांनी टांगून बघ, मागावर ते ज्या उंचीवर धावायचे त्याच उंचीवर. एक महिनाभर वेल्डिंग मशीन बंद ठेव. तुला ते फार जड जाईल, कारण हात शिवशिवतात. माझे अजून शिवशिवतात.

मशीन सुरू केलंस की दोन गोष्टी सांभाळ. जस्ती पत्रा तापवताना जो पांढरा धूर येतो तो जस्ताचा, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जस्त आधी घासून काढ आणि उघड्यावर काम कर. आणि बंद टाकी, ड्रम, गाडीचा शॉकॲब्सॉर्बर यांना कधीही कटर लावू नकोस, आतली हवा किंवा वाफ फुगून ते बॉम्बसारखे फुटतात. तुला ठाऊक असेलच. तरी लिहिते, कारण ठाऊक असलेल्यांनाच इजा झालेल्या मी पाहिल्यात.

कचरा वेचणाऱ्या बाईला त्याच लोखंडाचे किलोला चार पैसे मिळतात आणि तुमच्या शिल्पाला लाखभर. हा कसला न्याय? – एक वाचक, मुंबई

लाखभर? तुमच्या तोंडात साखर पडो.

प्रश्न टाळत नाही. पुण्यात १९९३ पासून कचरा वेचणाऱ्यांची संघटना आहे, तिचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. आम्ही शिल्पकार ज्याला मोठ्या तोऱ्यात ‘माध्यम’ म्हणतो, त्याची यादी या बायकांच्या नावातच आहे. आणि निवड, जिच्यावर मी वर एवढं पाल्हाळ लावलं, ती त्या रोज सकाळी करतात, नाकाला पदर लावून. विवान सुंदरम यांनी २००८ च्या आसपास ‘ट्रॅश’ हे काम केलं तेव्हा दिल्लीच्या ‘चिंतन’ या संस्थेबरोबर आणि कचरा वेचणाऱ्यांबरोबर केलं. कचऱ्याचं अख्खं शहर स्टुडिओत उभारलं, त्याचे उंचावरून फोटो काढले. ते फोटो पुन्हा श्रीमंतांच्या भिंतीवर गेले, हेही खरंच. मी माझ्यापुरतं एक करते. माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं सामान मी वजनावर घेत नाही, नगावर घेते, बाई सांगतील त्या भावानं. न्याय झाला असं मी म्हणणार नाही.

असली शिल्पं बघायची तर जायचं कुठे? मुंबईला वर्षातून एकदा येणं होतं. – एक वाचक, कुडाळ

मुंबईच्या आधी तुम्हाला गोवा जवळ. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत ‘म्युझियम ऑफ गोवा’ आहे, सुबोध केरकरांनी उभारलेलं. पेशानं डॉक्टर, दवाखाना सोडून कलेत आले. शिंपले, होड्या, समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेल्या वस्तू, असं सगळं तुमच्या ओळखीचंच सामान. मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. जुन्या वस्तूंच्या कपाटांमध्येच अधूनमधून आजच्या कलावंतांची कामं मांडतात. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टींचं प्रदर्शन तिथे झालं होतं, आणि खरी जुनी वस्तू कुठली आणि शेट्टींची कुठली याचा घोळ होत होता. मला फार मजा आली.

पण आयुष्यात एकदाच कुठे जायचं असेल तर चंदीगडला जा, नेकचंदांचं ‘रॉक गार्डन’ बघायला. नेकचंद फाळणीत गाव सोडून आलेले, चंदीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक. वास्तुकार ल कॉर्बुझिएनं आखलेलं नवं कोरं शहर उभं राहत होतं आणि त्याच्या जागेवरची जुनी गावं उठवली जात होती. त्या गावांचा राडारोडा, फुटकी कपबशी, तुटक्या बांगड्या, हे गृहस्थ सायकलवरून सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात नेऊन ठेवत. १९५७ पासून, नोकरी सांभाळून, रात्रीबेरात्री, कोणालाही न सांगता. सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांना पत्ता लागला तेव्हा एकरच्या एकर मूर्ती उभ्या. नियमानं ते सगळं पाडायला हवं होतं. पाडलं नाही. १९७६ मध्ये ते लोकांना खुलं झालं, नेकचंदांना तिथेच कामाला नेमलं, मजूर दिले. १९८४ साली पद्मश्री, २०१५ मध्ये गेले.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तुटक्या बांगड्यांचे झगे घातलेल्या बायकांची एक रांग बघून तिथेच पायरीवर बसले. बांगडी फुटणं म्हणजे आपल्याकडे काय, ते मी सांगायला नको. ‘बांगडी वाढवली’ म्हणायचं, ‘फुटली’ म्हणायचं नाही.

माझ्या सासूबाई मार्चमध्ये गेल्या. माळ्यावर त्यांची पितळेची-तांब्याची भांडी आहेत: दोन घंगाळी, बंब, सहा तपेल्या, कळश्या, धान्याची मापं. मुलगा म्हणतो, वजनावर देऊन टाकू. मला वाटतं, वितळवून त्यांचा छोटा अर्धपुतळा करून घ्यावा. होईल का? – एक वाचक, मिरज

होईल, पण करू नका. वितळलं की पितळ. मग ते बाजारातून आणलं काय आणि तुमच्या सासूबाईंच्या तपेलीतून आलं काय, पुतळ्याला फरक कळत नाही.

आधी सगळी भांडी खाली काढा आणि उन्हात नेऊन नावं वाचा. घासू नका, नुसतं ओल्या फडक्यानं पुसा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती ना, टोचून टोचून ठिपक्यांनी लिहिलेलं. कोणी दिलं, कोणाच्या लग्नात, कधी.

मी तिशीत असताना माझ्या आजीच्या तपेल्यांचं शिल्प करायला घेतलं. अक्कल नव्हती. चिंच लावून घासल्या, मन भरेना म्हणून बफिंगच्या चाकावर धरल्या. आरशासारख्या झाल्या. नंतर मावशी आली आणि म्हणाली, ‘यावर आईचं माहेरचं नाव होतं.’ लग्नात आजीचं नाव बदललं होतं. माहेरचं नाव ना रेशनकार्डावर, ना घराच्या कागदांवर. त्या एका तपेलीवर होतं. मावशीला ते नाव आठवलं, पण ठिपक्यांत कसं लिहिलं होतं ते तिला सांगता येईना. त्या तपेल्या अजून माझ्या धायरीच्या शेडमध्ये आहेत, चकचकीत. शिल्प झालं नाही.

म्हणून चाक नको, चिंच नको. वेल्डिंगही नको. पितळेत जस्त असतं, ते वितळायच्याच सुमाराला उकळून धूर होऊन जातं, आणि भांडं जोडाजवळ भोकं पडून विद्रूप होतं. जोडायचंच झालं तर डाख लावून घ्या, किंवा मूळच्या कडीच्या भोकातून नटबोल्ट. खरं तर जोडायची गरजच नाही. तुम्ही ज्यांना ‘धान्याची मापं’ म्हणून एका शब्दात उडवलंत त्यांत चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली असा पूर्ण संच आहे का बघा. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. इतका नेटका क्रम मी डोकं खाजवूनही सुचवू शकणार नाही. ती पाच मापं भिंतीकडेच्या लांब फळीवर एका ओळीत ठेवा आणि त्यांच्या आसपास दुसरं काही ठेवू नका, कृपा करून गणपतीसुद्धा नाही. महिनाभर येता-जाता बघा. मुलाला काही सांगू नका. एखाद्या दिवशी तो त्यातलं मापटं उचलून आत बघेलच.

तपेल्यांचं नंतर ठरवू, नावं वाचून झाली की मला कळवा. घंगाळ्यांत पाणी घालून तुळशीपाशी ठेवलंत तरी चालेल. बंब मात्र वजनावर देऊ नका. त्याची चिमणी शाबूत असेल तर मला हवाय, नगावर.